डावा दंड पाऊण इंच जास्त

मास्तरीणबाईंचा डावा दंड उजव्यापेक्षा पाऊण इंच जास्त भरला, तेव्हा सासूबाईंनी टेप पुन्हा लावून पाहिला.

"अगं, एका हाताची पहिलवान झालीस की! आता ब्लाउजची एकच बाही उसवू का?"

"उसवा, आई," मास्तरीणबाई ऐटीत म्हणाल्या.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात बारा वर्षं त्या कापड बेतत होत्या; तिथे कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीणबाई. चाळीस थरांची चळत एका दमात कापायच्या, आणि चाळिसावी बाही पहिल्या बाहीची जुळी बहीण निघायची. मग वर्षापूर्वी गच्चीच्या जिन्यात पाय घसरला, मणका दुखावला, आणि कमरेखालच्या शरीरानं जो अबोला धरला तो आजतागायत. तेव्हापासून चाकाची खुर्ची, आणि घरीच हातानं चालवायच्या मशीनवर कारखान्याच्याच गणवेशांच्या कॉलर नि खिसे.

कारखान्यातलं त्यांचं टेबल मात्र मालकीणबाईंनी राखून ठेवलं होतं. अडचण होती ती चढाची. कारखाना रस्त्यापासून पुरुषभर उंच, आणि वर जायला कापडाचे गठ्ठे ढकलायचा लांबलचक सिमेंटचा चढ.

"चार जण उचलून नेतील की तुम्हाला," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि रोज त्या चौघांची वाट बघत मी खाली बसू? एकटी येईन. नाहीच जमलं, तर टेबल दुसऱ्या कुणाला द्या."

"पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी नवी चळत लावायचीय. तोवर थांबते."

मग घरात तालीमच सुरू झाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, उरलेले पाच दिवस सासूबाईंचं राज्य. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे रोवून सगळं अंग वर उचलायचं, असे वीस उठाव. कोपर जरा वाकलं की सासूबाई ओरडायच्या, "हा नाही धरला!" आणि मोजणी पुन्हा एकपासून. विसाला पोचेपर्यंत साठ होऊन जायचे.

दुपारच्या सुट्टीत दोघी कारखान्यावर जायच्या. अर्धा चढ झकास जायचा. पुढे चढ वाढला की मात्र खुर्ची हट्टाला पेटायची, डावीकडे वळायची आणि भिंतीला नाक लावून उभी राहायची. रोज तिथेच.

"डावा हात कच्चा आहे," मास्तरीणबाईंनी निदान केलं.

झालं! डाव्या हाताच्या मागे साडेसाती लागली. इस्त्री डाव्या हातानं, पाण्याची कळशी डाव्या हातानं, कणीकही डाव्याच हातानं. सासूबाईंना टाळी द्यायची तीही डाव्या हातानं, इतकी की त्या टाळी द्यायच्या बंद झाल्या. दंड फुगला. खुर्ची तरीही डावीकडेच. मुदतीआधीच्या शनिवारी तर सगळा कारखाना वरच्या दारात जमला होता, आणि मास्तरीणबाई पुन्हा भिंतीपाशी अडकून पडल्या. एकेक करून सगळे आत निघून गेले. तेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी मास्तरीणबाई पलंगावर छताकडे बघत पडल्या होत्या. सासूबाई रिकामी खुर्ची पुसत होत्या. पुढच्या छोट्या डाव्या चाकाजवळ त्यांना एक निळं टोक दिसलं. त्यांनी ओढलं. ते आलं, आणि येतच राहिलं.

"सूनबाई, हे बघ गं!"

निळा दोरा संपला, पांढरा सुरू झाला. मग मरून, मग करडा. आसाभोवती दोऱ्यांचा घट्ट गड्डा बसला होता, त्यात चाक जखडलं होतं.

"म्हणजे हात कच्चा नव्हताच!"

"हात कसला? सवय कच्ची तुझी. बारा वर्षं दोरा तोडला की टाक जमिनीवर! तिथे झाडूवाली होती. इथे चाकांनी झाडून घेतलं, सगळ्या शाळा गोळा केल्यास तू!"

दोघी हसत सुटल्या. सासूबाई पलंगाला धरून हसल्या, मास्तरीणबाई पोट धरून. श्वास घ्यायला थांबल्या की कुणीतरी एक दोरा उचलून दाखवायचं.

सोमवारी सासूबाई खाली उभ्या राहिल्या. मास्तरीणबाईंनी चाकांना हात घातले आणि सवयीनं डावीकडे पूर्ण जोर लावला. मोकळी झालेली खुर्ची उजवीकडे सुसाटली! "अगं अगं!" उजवा जोर, तर डावीकडे. नागमोडी, झोकांड्या खात, पण वर. भिंतीची ती जागा कधी मागे पडली, कळलंसुद्धा नाही. वारा कानात शिरला. दारातली माणसं बाजूला उड्या मारू लागली, आणि मास्तरीणबाई उंबऱ्याच्या पट्टीवरून थेट आत, कापडाच्या गठ्ठ्यांत घुसल्या. वरून दोन गठ्ठे मांडीवर येऊन बसले.

मग सगळा कारखाना टाळ्या पिटू लागला.

मालकीणबाईंनी मोठी कात्री कपाटातून काढून टेबलावर ठेवली. "चळत लावलीय, मास्तरीणबाई. तुमचीच वाट बघतेय."

तेवढ्यात खालून आवाज आला, "गठ्ठ्यांत धडकलीस, बघितलं मी! हा नाही धरला!"

मास्तरीणबाईंनी गठ्ठे मांडीवरून ढकलले. डोळे चमकत होते.

"चळत पाच मिनिटं थांबवा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची चढाच्या तोंडाशी वळवली.