जावयाच्या मयतीचा दाखला

करोनाच्या दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियात माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते. रक्तदाब वाढलेला, पायांवर सूज, आणि फोनवर एकच, "आई, तू ये." पण त्या देशानं बाहेरच्यांना दारं लावून घेतली होती. सिरसाळ्यातलं आमचं कापडाचं दुकान बंद ठेवून मी आणि हे बीडला एका तिकीटवाल्याकडे गेलो.

त्यानं बुक केलेलं विमान रद्द झालं. दुसरं केलं, तेही रद्द. तिसऱ्या खेपेला तो गालात गुटखा धरून म्हणाला, "काकू, नुसत्या तिकिटानं काय होत न्हाई. तिकडल्या सरकारची परवानगी लागती. बाळंतपणाला देत न्हाईत. मयतीला देतेत."

"मग?" यांनी विचारलं.

"जावई गेले म्हणून दाखला करू. पोरगी एकटी, त्यात गरवार. लगेच मंजूर!"

मला वाटलं, हे आता उठतील, चार शिव्या हासडतील. यांनी खुर्ची पुढं ओढली. "दाखला इकडला लागंल का तिकडला?"

मी ताडकन उठले.

"कावून उठलीस?"

"लेकीचं कुंकू पुसून तिच्या बाळंतपणाला जाऊ व्हय?"

तिकीटवाला हसला. लाल दात दिसले. "कागदावर कुनी मरतंय का, काकू?"

परतताना हे एवढंच बोलले, "लेक मोठी का कागद?" मी दाखला काही करू दिला नाही. यांना ताट वाढतानाही कित्येक दिवस किळस यायची.

लेकीचं सिझर झालं. मायलेकी दोघी वाचल्या. जावयानं व्हिडिओ कॉल लावून फोन बेसिनला टेकवून ठेवला, मी इकडून सांगत गेले आणि त्यानं भीतभीत बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं. हे माझ्या मागे उभे राहून बघत होते. मला यांच्याकडे बघवेना.

दारं उघडल्यावर यांनी तिकिटं त्याच माणसाकडून काढली. "कामाचा मानूस हाय," म्हणाले.

विमानतळावर जावई पाया पडला. हे त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "औक्षवंत व्हा." मी तोंड फिरवलं आणि नातीकडे हात केले. ती माझ्याकडे यायलाच तयार नव्हती.