अर्थ सांगा, मग गुण घ्या

मी मुरुडच्या एका शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि माझ्या सासूबाई सातवी पास आहेत. तरी गेल्या वर्षी त्यांनी मला इंग्रजी शब्दांच्या खेळात सलग नऊ वेळा हरवलं. हे मी शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही.

खेळ माझ्या मुलाचा. सुट्टीत आम्ही मायलेक ओटीवर बसून खेळायचो आणि सासूबाई शेजारी सुपारी सोलत बसायच्या. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि पट, अक्षरांच्या ठोकळ्यांची पिशवी, सगळं इथेच राहिलं. एका दुपारी सासूबाईच म्हणाल्या, "मला शिकव गो. ए बी सी डी येते मला. औषधांच्या पाकिटावरचं वाचते की."

पहिला महिनाभर मी त्यांना मनसोक्त लोळवलं. हरल्या की त्या मुकाट्याने उठून चहा टाकायच्या. मग त्यांनी परस्पर नातवाला फोन केला आणि त्या फितुराने दोन आणि तीन अक्षरी शब्दांची छापील यादीच कुरिअरने धाडली. या खेळातल्या पट्टीच्या खेळाडूंना असले शब्द तोंडपाठ असतात. बोलताना मात्र ते वापरत नाहीत, कारण वापरले तर घरचे डॉक्टरकडे नेतील.

सासूबाईंनी ती यादी सकाळी जास्वंदीची फुलं तोडता तोडता पाठ केली. ए-ए, ए-बी, ए-डी, ए-ई... चाल पाढ्यांची. शेजारच्या वाडीतल्या काकू कुंपणाशी येऊन विचारून गेल्या, हे कुठलं नवीन व्रत धरलंय म्हणून.

आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. त्यांनी सी-डब्ल्यू-एम लावलं. मी म्हटलं, "यात स्वर कुठाय?" शब्दकोश उघडला तर डोंगराच्या कुशीतला खळगा निघाला. झेड-ओ म्हणजे याक आणि गाईचं संकरित जनावर. क्यू-आय म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. माझी तेवढ्यात गेली. एकदा त्यांनी जी-एच-आय लावलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, "आई, हे तूप आहे! आपलं तूप!" कोशात तेही होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी गेली सत्तर वर्षं वरणभातावर इंग्रजीच वाढून घेतेय."

नवव्यांदा हरल्यावर, नाचता येईना अंगण वाकडं, मी नियम काढला. लावलेल्या शब्दाचा अर्थ सांगायचा, नाहीतर गुण मिळणार नाहीत. वर शाळेतल्या आवाजात ऐकवलं, "अर्थाशिवाय पाठांतर म्हणजे पोपटपंची."

 त्यांनी एकेक ठोकळा पिशवीत टाकला, नाडी आवळली आणि पिशवी कपाटावर ठेवून दिली. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला चार दिवस वाटलं. पाचव्या दिवसापासून दुपार संपेना. त्या मागच्या पडवीत सुपारी सोलायच्या आणि मी ओटीवर वह्या तपासायचे. बोलणं व्हायचं, पण 'भाजी काय करू' एवढंच. मला ठोकळ्यांचा खडखडाट ऐकावासा वाटायचा, पण कबूल करेल ती मास्तरीण कसली.

गणपतीला मुंबईहून दीर-जाऊ, मुलं, सगळे आले. धाकट्या पुतणीने कपाटावरची पिशवी हेरली. "आजी, चल ना, खेळू!"

"नको गो बाळा. मला अर्थ येत नाहीत."

"अर्थ कोण विचारतंय?" दीर हसले.

सासूबाईंनी माझं नाव घेतलं नाही. टोमणा मारला असता तर मी भांडले तरी असते. मी आत जाऊन मोदकांचं सारण इतकं ढवळलं की जाऊबाईंनी माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं.

संध्याकाळी आरती झाली. मग हातात फुलं घेऊन सगळे तो शेवटचा संस्कृत मंत्र म्हणू लागले. जोडाक्षरं आली की आवाज पडायचा आणि ओळखीचा शब्द आला की कौलं हलायची. सर्वांत मोठा गळा माझा. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं, की लहानपणापासून म्हणते आहे आणि यातल्या एका ओळीचाही मला पत्ता नाही. मी थांबले. मंत्र संपल्यावर सासूबाईंच्या कानाशी लागले, "आई, याचा अर्थ काय हो?"

"मला काय ठाऊक?" त्यांनी फुलं वाहिली. "सगळे म्हणतात, त्यात आपलाही आवाज असावा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझे ते शब्दही त्यासाठीच पाठ केले गो. तुम्ही दोघं मायलेक इंग्रजीत काहीतरी बोलून हसायचात. मी आपली मध्येच बसलेली."

मला माझी इतकी लाज वाटली की डोळे वाहायला लागले, तेही अख्ख्या गोतावळ्यासमोर. पुढच्या सगळ्यांची फुलं वाहून झाली होती. माझी मुठीत चुरगळत होती.

सासूबाईंनी कोपराने ढोसलं. "रडतेस काय, फुलं वाहा आधी. मागे माणसं खोळंबलीत."