डांबऱ्याचं घुंगरू

त्या दिवशी वाशीमच्या बाजारात वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकून मी दुपारच्या बसने गावी परतलो, तर बायको दारातच उभी. "मामाजी अजून मळ्यातून आले नाहीत," सुमन म्हणाली. "जेवन झाकून ठेवलं हाये." मी रिकामी पोती तिच्यापुढे टाकली आणि तसाच मळ्याकडे वळलो. दादा, म्हणजे माझे वडील, विहिरीजवळच्या लिंबाखाली बसले होते. शेजारी आमचं कुत्रं डांबऱ्या कुशीवर पडलेलं, आणि दादांचा हात त्याच्या पाठीवर. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "आलास? हा निजून राह्यला. उठला का निंगतो घरी." मी वाकून पाहिलं. डांबऱ्याच्या डोळ्याच्या कडेला मुंग्या लागल्या होत्या... मी त्या बोटानं झटकल्या. दादाच म्हणाले, "लई वेळचं घुंगरू वाजलं नाही, लेका. मले समजलं हाये. पन म्हटलं, बसू जरासं."

या गोष्टीला आता महिना होत आला. कुत्र्यावर लेख लिहितो म्हटल्यावर सुमननं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी लेखणी ठेवून देणारच होतो. आमच्या घरी लग्नात, बारशात पंगत उठल्यावर गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे असतं. माणसं हसतात, मला वाटतं गोष्टीला हसतात. या वेळी मात्र सांगायला बसलो तर तोंड उघडेना, म्हणून लिहितो आहे. रडू आलं नाही, हेही सांगून टाकतो. लिंबाखालीच खड्डा खणला, गळ्यातलं घुंगरू सोडून खिशात घातलं, डांबऱ्याला ठेवलं, माती लोटली. घरी येऊन हातपाय धुतले, जेवलो, आणि वरणात मीठ कमी आहे असंही म्हणालो. सुमननं मीठ दिलं. त्यानंतर किती तरी दिवस मी असाच जेवत होतो, जुड्या बांधत होतो, बसमध्ये चढत होतो, आणि हे सगळं दुसराच कोणीतरी करतोय नि आपण ओट्यावरून बघतोय, असं वाटत होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आमच्या गावावरून जाणाऱ्या सडकेवर डांबर पडलं, तेव्हा डांबऱ्या आला. रस्त्याच्या कामावरची माणसं पुढच्या गावी सरकली आणि हे पिल्लू मागे राहिलं. अंग मुळातच काळं, त्यात पाठीवर डांबराचा हा मोठा गोळा चिकटलेला. मी शहाणपणा करून त्याला रॉकेलनं पुसायला गेलो. त्यानं माझ्या अंगठ्याला दात लावले, आणि पुढं जन्मभर रॉकेलचा वास आला की तो माझ्याकडेच संशयानं पाही. शेवटी दादांनी गोडं तेल चोळून चोळून ते डांबर काढलं, आणि तेव्हापासून तो दादांचा झाला. माझ्या वाट्याला नुसतं त्याच्यावर ओरडणं आलं. ते मी मन लावून केलं, आणि त्यानं ते कधी मनावर घेतलं नाही.

पुढे दादांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आता इलाज नाही, असं वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं. दादांनी सांगितलं, की डॉक्टरनं चष्मा चुकीचा दिला. त्या वर्षीच्या पोळ्याला बैलांच्या माळा बांधताना दादांनी एक घुंगरू सोडवलं आणि डांबऱ्याच्या गळ्यात घातलं. "बैलाचा मान करता, मंग याचा काहून नाही?" एवढंच म्हणाले. पोळा झाला, माळा खुंटीवर गेल्या, हे घुंगरू मात्र उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डांबऱ्या पुढे आणि दादा मागे, असे दोघे मळ्याकडे निघाले. वाटेत चिंच लागते. तिथं डांबऱ्या त्याच्या कामासाठी थांबे, की दादाही थांबत आणि मिशीवरून हात फिरवत. मग सडकेच्या कडेला रामभाऊंची पिठाची गिरणी. रामभाऊ रोज विचारणार, "काय दादा, कुठं निंगाले?" आणि दादा रोज काठी उचलून पुढे दाखवणार, "कुठं नाही, याले फिरवून आणतो." सडकेवर मोटार येत असली की घुंगरू थांबे. सडक मोकळी झाली की वाजे. गिरणीवर दळण घेऊन बसलेल्या बाया, रामभाऊ, सगळं गाव पाहत होतं कोण कोणाला फिरवतं ते. पण इतक्या वर्षांत एकही माणूस तसं म्हणाला नाही. एरवी आमच्या गावात कोणाच्या घरी वरण करपलं तरी संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचतं!

मळ्यात गेल्यावर दादांना डोळ्यांची गरज लागत नसे. वांग्याला हात लावून ते सांगत, हे आज तोडा, हे उद्या. पानाची मागची बाजू अंगठ्यानं चाचपून कीड सांगत. मी डोळे असलेला माणूस; मला ती दोन दिवसांनी दिसे.

डांबऱ्या गेला आणि दादा ओट्यावर बसले. पहिले काही दिवस मी मळ्यातून आलो की विचारत, "वांग्यावर काय हाये?" मग तेही बंद झालं. मी आपणहून सांगितलं तर "बरं बरं" म्हणत. सुमन शेवटची लहान भाकर अजून कुत्र्यासाठीच टाकते, हात तसा वळला आहे. ती संध्याकाळपर्यंत टोपल्यात वाळत राही. एकदा भाकर झाकता झाकता ती हळूच म्हणाली, "कुत्रं तं गेलं. आता मामाजीले बसल्या जागी जाऊ देता काय?"

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे घाई केली. सासुरवाडीहून, शिरपूरहून, एक पिल्लू भाजीच्या पोत्यात घालून बसने आणलं, त्याच्या गळ्यात ते घुंगरू बांधलं आणि दादांपुढे सोडलं. दादांनी ऐकलं, काठी घेतली, निघाले. मला केवढं समाधान वाटलं... पिल्लू सरळ उकिरड्यात शिरलं. दादाही घुंगरामागे सरळ उकिरड्यात! घोट्यापर्यंत शेणात उभे राहून ते म्हणाले, "मळा इतक्या जवळ कवा आला बे?" सुमन पदर तोंडाला लावून आत पळाली. दादा भिंतीला हात लावत ओट्यावर परतले, पाय धुतले, पिल्लाला जवळ घेऊन घुंगरू सोडलं आणि खुंटीला अडकवलं. "याले अजून याचंच घर माईत नाही," म्हणाले. आता ते पिल्लू घरभर हुंदडतं. दादा त्याला भाकर घालतात, पण उठत नाहीत.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी खुंटीवरचं घुंगरू काढलं, अंगणात उभा राहिलो आणि हलवलं. दादांनी मान वर केली. मला वाटलं, चिडले. मग काठी शोधत म्हणाले, "चाल बरं."

मी पुढे, दादा मागे. "लेका, आग लागली काय कुठी? तो असा पळे काय?" मी चाल कमी केली. चिंच ओलांडली तर मागे पावलं वाजेनात. वळून पाहतो तो दादा चिंचेपाशी उभे. "काहून थांबले?" मी विचारलं. "तो अठी थांबे," ते म्हणाले. मी मागे आलो आणि चिंचेजवळ उभा राहिलो. पंचेचाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, हातात घुंगरू. याहून अधिक काही अपेक्षित आहे की काय, या धास्तीनं मी झाडाकडे पाहिलं नाही. दादांनी मिशीवरून हात फिरवला. "हं, चाल."

गिरणीपाशी बाया दळणाला बसल्या होत्या. मी घुंगरू मुठीत दाबून धरलं, तर मागची काठी लगेच अडखळली, म्हणून पुन्हा सोडलं. रामभाऊ पट्टा चढवत होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या तोंडानं नेहमीच्याच आवाजात विचारलं, "काय दादा, कुठं निंगाले?"

दादांनी काठी उचलून माझ्याकडे दाखवली. "कुठं नाही. याले फिरवून आणतो."

सडकेवरून बस येत होती. मी थांबलो. घुंगरू थांबलं, तसे मागे दादाही थांबले.