गाठ मारलेली सुतळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कमलला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

कमल माझी बायको. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. आम्ही वाटूरला राहायचो, मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिला शेजारच्या गावी शाळेत नोकरी लागली आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात. पण जायचं पायी, आणि घरी अंगावर पिणारं पोर. दुपारच्या सुट्टीत धावत यायची, त्याला पाजायची, तशीच धावत परत. सायकल तिला येत होती, माहेरी भावाच्या सायकलवर शिकलेली. पण लुगड्यात दांडीवरून पाय टाकणार कसा? बाजारातली बायकी सायकल तिच्या ठेंगण्या अंगाला उंच. जालन्याचा एक मिस्त्री नळ्या कापून मापाची फ्रेम बांधून द्यायचा. कमलनं भिंतीला टेकून सुतळीनं स्वतःचं माप घेतलं, गाठ मारली आणि सुतळी माझ्या खिशात घातली. "गाठ सुटू देऊ नका," म्हणाली.

पैशाची अडचण होती का? नव्हती. ती पळवाट मला नको.

जालन्याला गेलो. मिस्त्रीनं सुतळी ताणून पाहिली. "बिलकुल होईल. दांडी खाली वाकवून देतो. घेऊ का बांधायला?"

'घ्या' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी घुटमळलो. दुकानाच्या बाकड्यावर, कामानिमित्त जालन्याला आलेले आमच्या जिनिंगमधले दोघं चहा पीत होते. त्यातला एक म्हणाला, "मंग भाऊसाहेब, बाई चालवनार अन् तुमी मागं बसनार का?" सगळे हसले. मीही हसलो. "विचारून सांगतो," म्हणून सुतळी परत घेतली. कुणाला विचारणार होतो मी? जिला विचारायचं, तिचं उत्तर तर माझ्या मुठीत होतं.

परतीच्या मोटारीच्या खिडकीतून मी ती सुतळी फेकली. घरी सांगितलं, "न्हाई होत म्हणला मिस्त्री. एवढी ठेंगणी फ्रेम टिकत न्हाई." कमल माझ्याकडे पाहत राहिली. कळलं का हिला? मग ती म्हणाली, "न्हाई तर न्हाई," आणि चुलीकडे वळली. मला हायसं वाटलं. आज लाज वाटते ती त्या हायसं वाटण्याचीच जास्त.

संक्रांतीच्या आत तिनं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी शाळेतल्या पोरींनी दिलेली बोरं ओच्यात घेऊन आली. एकही खाल्लं नाही. पुन्हा कधी नोकरीचं नावही काढलं नाही. मिस्त्रीला मात्र ती जन्मभर नावं ठेवत आली, आणि मी ठेवू दिली.

परवा नातीला सायकल आणली. ठेंगणी, दांडी खाली वाकलेली. कमलनं चष्मा पुसला, त्या वाकलेल्या नळीवरून हळूहळू हात फिरवला. "बघा, होते की हो अशी फ्रेम!" म्हणाली. "त्या मिस्त्रीलाच जमलं न्हाई."

ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "हो. त्याला जमलं न्हाई."