परणावरचा अँप्लिफायर

दोन हजार तेवीस साल. मी सत्त्याहत्तर वर्षांचा होतो आणि तंजावुरात माझ्यासारखे कान कोणाचे नाहीत, असे घरात रोज सांगत होतो.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढचे सगळे रेडिओच्या दुकानात शिकलो. तेव्हा लग्नांत सिनेमाची गाणी म्हणणारी पार्टी येई. तिच्या गिटारवाल्यासाठी मी एक अँप्लिफायर बांधला. ट्रान्सफॉर्मरची तार हाताने गुंडाळली, रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह घातले, पेटी सुताराकडून करवून घेतली. पार्टी मोडली, पेटी आमच्या हॉलमध्ये राहिली. दोन माणसांशिवाय ती हलत नाही. सून तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचते, ते मला कधीच पटले नाही.

त्या वर्षी कॉलेजात शिकणाऱ्या नातीने आपल्या गिटारसाठी नवा अँप्लिफायर आणला. जेवणाच्या डब्याएवढा.

"यात व्हॉल्व्ह कोठे?" मी विचारले.

"नाहीत, ताता. सगळे फोनवरून चालते. जुन्या पेट्यांचे पन्नास आवाज आहेत यात."

"पन्नास? मला एकाला सहा महिने लागले!"

मग मी तिला समजावले. जुना लगेच बोलत नाही. व्हॉल्व्ह लाल होऊन तापेपर्यंत अर्धे मिनिट थांबवतो, घरातल्या मोठ्या माणसासारखा. तार हळू छेडली तर गोड, जोरात छेडली तर जरा खरखरतो. आणि मागे त्याची बारीक गुणगुण चालूच असते. नवा बटण दाबताच बोलतो. विचार न करता बोलणाऱ्याचे काय ऐकायचे?

सून स्वयंपाकघरात पूजेच्या सुंडलचे, म्हणजे खोबरे घातलेल्या उसळीचे, चणे शिजवत होती. तेथूनच म्हणाली, "मामा, कोणता वाजतो ते पडद्याआडून ओळखाल काय?" सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात.

"कानात कापूस घालून ओळखेन."

"न ओळखले तर पेटी परणावर. त्या जागी मला शिलाई मशीन पाहिजे."

परण म्हणजे हॉलच्या दारावरचा सिमेंटचा माळा. आमच्या घरात परणावर गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही. माझ्या आईची पितळी घंगाळे तेथे आहेत, मुलाचा पाळणा तेथे आहे. माझ्या हातची एकच वस्तू आता घरात दिसत होती, तीही तेथेच जायची. तरी मी म्हटले, "शरी, ठरले!" मागे हटायला मी काय नवा अँप्लिफायर आहे?

तो दिवस सरस्वती पूजेचा होता. त्या दिवशी पुस्तके, हत्यारे, मशीन सगळे पूजेत मांडतात, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. विजयादशमीला सकाळी मात्र प्रत्येक वस्तू थोडी तरी चालवायची, हा नेम. म्हणून परीक्षा पूजेच्या आधी ठरली. पडदा म्हणून माझेच वेष्टी, म्हणजे धोतर, दोरीवर टाकले. नातीने दोन्ही आधीच चालू करून ठेवले, म्हणजे मला वेळेवरून कळू नये. मुलगा साक्षीदार म्हणून बसला आणि पेपर वाचत राहिला.

पहिला वाजला. मागे बारीक गुणगुण. जोरात छेडल्यावर खरखर. माझे डोळे भरून आले.

दुसरा वाजला. स्वच्छ, शांत, मागे काही नाही. धुतलेल्या ताटासारखा.

"पहिला माझा," मी म्हटले. "दुसरा ऐकायचीसुद्धा गरज नव्हती."

नातीने वेष्टी बाजूला केले. गिटारची वायर माझ्या पेटीत होती. म्हणजे दुसरा माझा होता. पहिला तो डबा. गुणगुणसुद्धा त्यानेच केली होती.

"अय्यो, मामा," सून म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. मुलाने पेपर आणखी वर धरला.

"पण तुमची गुणगुण कोठे गेली, ताता?" नात म्हणाली.

तेव्हा मला आठवले. पूजेत मांडायची म्हणून आठवड्यापूर्वी मी पेटी उघडली होती. आतले दोन कंडेन्सर फुगले होते, ते बदलले; गुणगुण आणि खरखर त्यांचीच होती. व्हॉल्व्ह पेटले, पुरे झाले, बंद केली. ऐकायला थांबलोच नाही. घरच्या माणसाचा आवाज कोण तपासतो? काम इतके चोख झाले होते की माझीच पेटी मला परकी झाली. हे मी मोठ्याने सांगितले, कारण हरलो तरी काम चांगले होते, हे सर्वांना कळायला पाहिजे.

"मला दुसराच आवडला," नात हळूच म्हणाली. "राहू दे ना अम्मा, येथेच."

"नको," मीच म्हटले. "मी बोललो ते बोललो. उद्या परणावर."

पेटीला चंदन-कुंकू लागले, तिच्याशेजारी डब्यालाही लागले. संध्याकाळभर मी सुंडल खाल्ले नाही. कोणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सकाळी मुलाला आणि शेजाऱ्याला बोलावून मी पेटी परणावर चढवली, पण तोंड हॉलकडे करून. गिटारची वायर भिंतीवरून खाली आणली, खिळे मारले, टोक नातीच्या हातात दिले. मग स्टुलावर चढून बटण दाबले आणि सगळ्यांना अर्धे मिनिट थांबायला सांगितले.