काकूंच्या ओट्याखालचा कॉक

हे मी अजून कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतोय — कुठून धरावं, तेच कळेना.

आठवीत शाळा सुटली, तसा देगलूरहून लातूरला नळाची कामं शिकायला आलो. इथं माझं होतं कोण? ओळखीतल्या एका काकूंनी त्यांच्या घराची मागची खोली दिली. त्या एकट्याच राहायच्या, मुलगा नांदेडला. मी कामावरून आल्याशिवाय त्यांनी कधी ताट वाढून घेतलं नाही. अशा बाईशी कुणी — थांबा, सांगतो.

त्यांच्या ओट्यावरच्या नळाची धार बारीक झाली होती. तोंडाची जाळी क्षारानं बुजलेली; काढून लिंबाच्या पाण्यात भिजवली असती, भागलं असतं. पण मला हुशारी दाखवायची होती ना. नळाचं पाणी तोडायचा ओट्याखालचा कॉक बंद करायला गेलो. लई वर्षांत कुणी न फिरवलेला, घट्ट धरलेला. उस्ताद सांगायचे, अशाला तेल सोडायचं, जरा इकडं, जरा तिकडं, चुचकारून घ्यायचं. मी पाना लावला. कॉकला बारीक चीर गेली. वरून टेप गुंडाळली, जाळी साफ करून बसवली आणि गप्प बसलो. धार मोठी झाली म्हणून काकूंनी पाठ थोपटली.

लातुरात नळाला रोज पाणी कुठं येतं? गच्चीवरची टाकी पुढच्या पाळीपर्यंत पुरवायची. सकाळी ती कोरडी ठणठणीत, रात्रभर त्या चिरेतून गळून सगळं पाणी मोरीतून गेलेलं. काकू शेजारी घागरभर पाणी मागायला गेल्या, तेवढ्यात मी कॉक बदलला. त्या आल्या, आणि त्यांनीच विचारलं,

"मीच नळ उघडा ठेवला काय रे?"

मी मान डोलावून "हाव" म्हणालो.

आधी त्या स्वतःच हे हसून सांगायच्या. मग गॅस दोनदा बघायला लागल्या, कुलूप ओढून बघायला लागल्या. मला हाक मारायच्या — बघ रे, बंद केलाय ना मी? मी जाऊन बघायचो. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं? मुलगा म्हणाला, आईला आता एकटं ठेवणं बरं नाही. काकू भांडल्या नाहीत. घर सोडून गेल्या. आईकडं लक्ष दिलंस म्हणून मुलानं माझे आभार मानले.

आता त्या नाहीत. त्याआधी एकदा नांदेडला भेटून आलो होतो. जेवण झालं, काकू नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

"तूच सोड रे पाणी," म्हणाल्या. "माझा भरवसा न्हाई."

मी सोडलं. त्यांचे हात धुऊन झाले, तसा नळ बंद केला.