तिच्या सीटवरची पानं

आज बाजारात कडुनिंबाची पिवळी पानं गाडीत पडली, बरोबर बायकोच्या सीटवर. गाडी दोनच सीटची, पत्र्याचं छत दुमडून डिकीत जाणारी. जुनी घेऊन गॅरेजात माझ्या हातानं उभी केलेली. ती शेजारी बसली की म्हणायची, “अहो, छत उघडा की! गावाला दिसू दे कोण बसलंय ते.” मी खेकसायचो, “छताची मोटर जळंल. गप बस.”

मागल्या महिन्यात ती गेली. आज बटण दाबलं. छत मुकाट उघडलं, मोटरला काही झालं नाही. आणि जळली असती तर दुसरी बसवली असती. मिस्त्री माणूस मी, एवढं तेव्हा सुचलं नाही.

भाजीवाला म्हणाला, “काका, छत लावा, कचरा पडतोय.”

म्हटलं, “पडू दे.”